‘मुलगी बदलून देतो, मॅडम’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी रुग्णालयात बत्तीस वर्षं नोकरी करून मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. शेवटची बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात गेली, त्यामुळे नाकात नळी घातलेले पेशंट किती सांभाळले याची गणती नाही. गेल्या पावसाळ्यात यजमानांना अर्धांगवायू झाला. अठराव्या दिवशी घरी सोडलं ते रायल्स ट्यूब (नाकातून पोटात अन्न पोचवणारी नळी) आणि लघवीच्या पिशवीसकट. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झालेला, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. मग सगळे करतात तेच केलं. पेशंट सांभाळायला घरी मुली पाठवणाऱ्या ब्युरोला फोन लावला.

बारा तासांचे हजार रुपये, आठ दिवसांचे आगाऊ. पावतीवर ‘ट्रेन्ड नर्सिंग स्टाफ’ असं छापलेलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले तर यजमानांना सपाट निजवलेलं, मुलगी सिरिंजचा दट्ट्या दाबून पेज आत ढकलतेय आणि ते खोकताहेत. ओठ निळसर पडू लागले होते. वॉकर तिथंच टाकून भिंतीला धरत धरत पोचले, नळी चिमटीत दाबून बंद केली, त्यांना कुशीवर वळवलं. निभावलं त्या दिवशी. उशाकडची बाजू उंच करायची, नळीवरची खूण नाकपुडीशी आहे ना ते बघायचं, दट्ट्या काढून अन्न आपल्या वजनानं हळूहळू उतरू द्यायचं आणि नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना शिकवायचो. माझ्याजागी बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेली बाई असती तर तिला काय चुकतंय हेसुद्धा कळलं नसतं.

मुलगी बावीस वर्षांची, पेठ तालुक्यातली. रडायलाच लागली. हे तिचं सातवं घर. आधीच्या सहाही घरचे पेशंट तोंडानं जेवत होते. नळी तिनं पहिल्यांदा आमच्याकडेच पाहिली, आणि ‘येत नाही’ म्हटलं तर ड्युटी जाते म्हणून बोलली नाही. तिच्या हातात हजारातले सहाशे पडतात. ब्युरोवाल्यांना फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “सॉरी मॅडम, संध्याकाळपर्यंत मुलगी बदलून देतो.” नासका कांदा बदलून द्यावा तसं. म्हणजे ही मुलगी दुसऱ्या कुणाच्या तरी नळीपाशी जाणार आणि तिथली कुणीतरी माझ्याकडे येणार!

परवाना विचारला तर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गुमास्ता, म्हणजे दुकान नोंदणीचा दाखला, पाठवला. तो माझ्या कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातही फ्रेम करून लावलेला आहे.

आपल्याकडे नर्सिंग होमची नोंदणी 1949 च्या कायद्यानं होते आणि 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. पण ते सगळं रुग्णालयाच्या जागेला बांधलेलं. पेशंट घरच्या खाटेवर आला की सनद संपली. नर्सिंग कौन्सिलकडे नोंद परिचारिकांची असते. पांढरा एप्रन घालून ‘सिस्टर’ म्हणून पाठवलेल्या मुलीची नोंद कुठंच नाही. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला पाठवणाऱ्या एजन्सीला मात्र 2005 च्या कायद्यानुसार परवाना लागतो, त्याचं प्रशिक्षण आणि चारित्र्य पडताळणीही लागते. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान मानकं त्यात होती. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं.

माझी पुतणी न्यूजर्सीत अशाच एका एजन्सीत नर्स आहे. तिकडे मेडिकेअरचे (वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) पैसे घेणाऱ्या एजन्सीच्या मदतनीसाला किमान 75 तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले 16 तास प्रत्यक्ष हातानं काम करून. नर्सिंगची गरज असलेल्या रुग्णाकडे चौदा दिवसांतून एकदा तरी मदतनीसाच्या कामाची देखरेख करावी लागते. तिथं सगळं गोड आहे असं ती म्हणत नाही. कागद भरता भरता रात्र होते, अशी तिची रोजची तक्रार असते. पण पेशंटचं काही चुकलं तर कुणाचं नाव घ्यायचं हे तिथं ठरलेलं आहे.

आपल्याला 75 तास आज झेपणार नाहीत, कबूल. पण सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे, दिल्लीची वाट बघायची गरज नाही. ब्युरोची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा आणि प्रत्येक ब्युरोकडे एक तरी नोंदणीकृत परिचारिका सक्तीची करा. तिनं पहिल्या दिवशी घरी यावं, पाठवलेल्या मुलीला खाटेपाशी उभं करून काम दाखवावं, तिला काय येतं आणि काय येत नाही हे घरच्यांसमोर वहीत लिहावं, खाली सही करावी आणि पंधरवड्यानं पुन्हा येऊन पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची सुरुवात म्हणून माकडहाडापाशी कातडी लाल झाली आहे का ते बघावं. निवृत्त सिस्टर गावोगाव रिकाम्या बसल्या आहेत, त्या आनंदानं येतील. मुलीच्या हाती किती पडतात तेही पावतीवर छापा. दर वाढतील असं ब्युरोवाले म्हणतील. मग मधले चारशे आज कशाचे घेता, एवढंच मला त्यांना विचारायचं आहे. ग्राहक आयोग आहे म्हणतात, पण तिथं जायचं ते घडून गेल्यावर.

मुलगी मी बदलून घेतली नाही. खुर्चीत बसून तिला शिकवलं. आता ती नळी नीट तपासते, दर दोन तासांनी कूस बदलते आणि वहीत वेळ लिहून ठेवते. ब्युरोवाल्यांना हे कळल्यावर त्यांचा फोन आला. “बरं झालं मॅडम,” म्हणाले, “पुढच्या घरी तिचे बाराशे लावतो.”

आपली,
एक निवृत्त परिसेविका, नाशिक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)