बालवाडीच्या वर्तन-धोरणासाठी ताईंचे आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या बालवाडीचं वर्तन-धोरण, म्हणजे मोठ्यांनी मुलांशी कसं वागायचं याचे लेखी नियम, या सत्रापासून लागू झालं. त्यातली ओळ न् ओळ तुम्ही वाचलीत, खोडलीत, पुन्हा लिहायला लावलीत. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत, कारण इंदुरात घराच्या पुढच्या खोलीत चालणाऱ्या बालवाड्या पुष्कळ आहेत, आणि त्यांनाही हे कामी येईल.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. पण तो कायदा 6 ते 14 वयाचा. म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलासाठी बालवाडीने स्वतःच लिहून बांधून घ्यायला हवं, हे तुम्ही आधी पटवून दिलंत.

तुमचा सगळ्यात मोठा आग्रह असा की प्रत्येक वाक्याने मोठ्यांनी काय करायचं ते सांगावं. 'मुलांनी शिस्तीत राहावं' यातून शिक्षिकेला काहीच कळत नाही. 'पळू नको' ऐवजी 'हळू चाल' म्हणा, दारातून ओरडून नाही, जवळ जाऊन, खाली बसून, यातून कळतं. काय करायचं नाही तेही स्पष्ट लिहिलं: मारणं, कोंडणं, डबा किंवा खेळ बंद करणं, नावं ठेवणं, 'पोलीस घेऊन जातील' म्हणणं, जबरदस्तीने सॉरी म्हणवून घेणं. हे मावशींना आणि व्हॅनवाल्या काकांनाही वाचून दाखवायचं, त्यांचीही सही घ्यायची. वर्गात सांभाळलेलं मूल व्हॅनमध्ये धमकावलं जात असेल, तर धोरण कागदावरच राहतं.

चावण्यावरचं पान तर पूर्ण तुमचंच. आधी ज्याला चावलं त्याच्याजवळ जायचं, जागा साबण-पाण्याने धुवायची, थंड ओला रुमाल ठेवायचा. कातडी फाटली असेल तर लगेच पालकांना फोन आणि डॉक्टर. चावणाऱ्याला एकच छोटं वाक्य: 'चावल्यावर दुखतं.' उलट चावून दाखवायचं नाही. कोण चावलं ते दुसऱ्या पालकांना सांगायचं नाही, कितीही विचारलं तरी.

मग अशा प्रसंगांच्या नोंदींची वही. वेळ, जागा, आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. 'दुष्टपणा केला' असं लिहिलं की वही फुकट जाते, '10.40, हात धुवायच्या रांगेत, मागच्याने ढकललं, दंडाला चावला' असं लिहिलं तर दोन आठवड्यांत कारण दिसू लागतं. बहुधा रांगच निघते. तीन वर्षांच्या मुलाला थांबणं जमत नाही, म्हणून एका वेळी चार-पाचच मुलं नळावर, बाकीची गाण्यात. कधी भाषा आड येते: घरी मराठी, वर्गात निम्मी मुलं हिंदी बोलणारी, ऐन वेळी शब्दच सुचत नाही. म्हणून 'मला हवंय', 'थांब', 'माझी पाळी' ही तीन वाक्यं दोन्ही भाषांत रोज खेळातून म्हणवून घ्यायची. आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झांक्या (देखाव्यांचे चित्ररथ) पाहून उशिरा झोपलेल्या मुलांसाठी दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक सैल ठेवायचं, हे इंदूरकरालाच सुचावं!

शांत कोपऱ्यात गोधडी, दोन-तीन चित्रांची पुस्तकं, एक उशी. मूल तिथे आपणहून जातं, पाठवलं जात नाही. पाठवलं की त्याची कोठडी होते.

शिक्षिकेचाही विचार तुम्ही केलात, आणि आम्हाला तेच फार मोलाचं वाटतं. 'मी पाणी पिऊन येते' असं एकीने म्हटलं की दुसरीने काही न विचारता वर्ग हाती घ्यायचा. लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या 2013 च्या राष्ट्रीय धोरणात 3 ते 6 वयासाठी वीस मुलांमागे एक मोठी व्यक्ती सांगितली आहे. तेवढी माणसं नसतील तर बाकीची कलमं टिकत नाहीत, हेही तुम्ही संचालकांना स्पष्ट सांगितलंत.

कुठल्याही मुलाला परस्पर काढायचं नाही. आधी नोंदी, मग पालकांशी बंद दाराआड बोलणं, वर्गात सहा आठवडे बदल, ऐकण्या-बोलण्याची तपासणी, गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र).

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वह्या घेऊन फेरतपासणीला बसायचं आहे. दुपारी चारनंतरची कोणतीही वेळ कळवा, आम्हीच तुमच्या घरी येऊ.

आपल्या,
रामबागेतल्या बालवाडीच्या शिक्षिका आणि मावशी
इंदूर