रांग लागते ती शेवटी

महोदय,

पतसंस्थेच्या दारात ठेवीदारांची रांग लागल्याची बातमी आली, की ‘अफवेमुळे चांगली संस्था अडचणीत आली’ असा खुलासा संचालकांकडून हमखास येतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून ३४ वर्षे वह्या लिहिल्यानंतर या खुलाशावर माझा विश्वास उरलेला नाही. अफवेने धडधाकट संस्थाही कधी हेलपाटते, हे मान्य. पण बहुतेक वेळा रांग लागते ती शेवटी, आणि बिघाड झालेला असतो तेजीच्या वर्षात, तारणाची किंमत वहीत चढवताना.

मुंबईचेच जुने उदाहरण पाहावे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. तो पैसा समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये शिरला आणि बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. इथवर ही सट्टेबाजांची गोष्ट आहे, आणि सट्टेबाज बुडाला तर मला फारसे वाईट वाटत नाही. खरी चूक केली ती बँक ऑफ बाँबेने. १८६३ च्या कायद्याने तारणाचे नियम सैल झाल्यावर, सरकारचे भांडवल असलेल्या या बँकेने शेअरच्याच तारणावर कर्जे वाटली. म्हणजे ज्या भावाने बाजार फुगला होता, तोच भाव तारणाची किंमत ठरला. एप्रिल १८६५ मध्ये त्या युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती जनरल ली याने शरणागती पत्करली, कापूस कोसळला, १ जुलैला वायद्यांची देणी चुकती होईनात आणि १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली.

त्या तेजीचे पडसाद आपल्या भागातही उमटले होते. भाव चढे असताना सावकारांनी जमिनीवर सढळ हाताने कर्जे दिली, भाव उतरताच हात आखडला, त्यात शेतसारा वाढला. आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळायला सुरुवात केली. त्यानंतर आलेला १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके होते. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता न्यायालयाने त्यामागचा मूळ हिशोब तपासावा, ही त्या कायद्यातली तरतूद मला आजही मोलाची वाटते.

आता यार्डातली गोष्ट. २०१० साली हळद क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेली होती. आमच्या दुकानात गादीवर बसून एका पतसंस्थेच्या अधिकाऱ्याने गोदामातल्या पोत्यांच्या पावतीवर कर्ज मंजूर केले आणि किंमत धरली ती त्याच सकाळच्या सौद्यातली. मी विचारले, “साहेब, भाव निम्म्यावर आला तर?” ते म्हणाले, “दिवाणजी, आता हळद दहाच्या खाली उतरत नाही.” दोन वर्षांत ती पाच हजारांच्या आसपास आली. त्यानंतर दर मार्चअखेरीस त्या खात्याचे ‘नवं-जुनं’ होऊ लागले. सकाळी घरातल्याच दुसऱ्या नावाने नवे कर्ज टाकायचे, दुपारी त्यातून जुने कर्ज व्याजासह फेडायचे, आणि संध्याकाळी ताळेबंदात थकबाकी दिसायची नाही. रुपयाही संस्थेच्या दाराबाहेर जात नसे. लेखापरीक्षणात संस्थेला ‘अ’ वर्ग मिळत राहिला. हे सारे दिसत असूनही मी माझी अडीच लाखांची ठेव तिथून मोडली नाही, कारण व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त होते. आज ती पावती कपाटात आहे आणि माझा अर्ज अवसायकाकडे, म्हणजे बुडालेली संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. २००८ साली अमेरिकेत घरांच्या कर्जांत पैसा गुंतवलेली लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली, तेव्हा तिथल्या शहाण्यांचा हिशोबही आमच्या अधिकाऱ्यासारखाच होता: घरांचे भाव देशभर एकदम पडत नसतात.

बँक आणि पतसंस्था यांत फरक कोणता, हे ठेवीदाराला संकट आल्यावरच कळते. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंध आले, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली तिचे आयडीबीआयमध्ये विलीनीकरण होऊन महिनाभरात प्रश्न मिटला. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून बँक ठेवींना विमा मिळाला, तो सुरुवातीला अवघा १,५०० रुपयांचा होता. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेचे ठेवीदार अडकल्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ती मर्यादा पाच लाख झाली. पतसंस्थेच्या ठेवीला यातले काहीच लागू नाही. मात्र काचेचे काउंटर तसेच, टोकन तसेच, पासबुकही तसेच. आणि ठेवीदार बहुधा नाममात्र सभासद असल्याने वार्षिक सभेत त्याला मतही नसते.

म्हणून सहकार खात्याकडे माझे मागणे एवढेच आहे, की नाशवंत वा चढउताराच्या मालावरील कर्जासाठी किंमत धरताना त्या दिवशीचा सौदा न पाहता मागील पाच वर्षांची सरासरी पाहावी. मार्च महिन्यात फिटलेली आणि त्याच महिन्यात त्याच कुटुंबाला पुन्हा दिलेली कर्जे अहवालात वेगळी दाखवावीत. आणि ‘या ठेवीस विमा संरक्षण नाही’ हे वाक्य ठेव पावतीवर रकमेइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. वृत्तपत्रांनाही एक विनंती, थोडी अवघड जागेची आहे: जास्त व्याजाची जाहिरात स्वीकारताना हेच वाक्य तिच्यात आहे का, ते पाहावे. माझ्या पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत अकरा नियम छापलेले आहेत. त्यांत मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याज किती कापले जाईल, ते आहे. विम्याबद्दल काही नाही.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
सांगली