आई-बाबा, मी रेड व्हॅलीला जायचं ठरवलंय

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते, म्हणून लिहितेय. फिनिक्सची शाळा सोडून ऑगस्टपासून मी रेड व्हॅलीला गणित शिकवायला जातेय. सही करून झाली. त्यामुळे या दिवाळीत येणं जमणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत नक्की येते.

ॲरिझोनाच्या ईशान्य टोकाला नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचं हे लहानसं गाव आहे. मी स्वतः जाऊन बघून आलेय. शाळेच्या आवारातच शिक्षकांची घरं आहेत. आपल्याला नळ आहे, हीटर आहे. आसपासच्या कितीतरी घरांत अजून पाणी पिंपं भरून गाडीतून आणावं लागतं. त्या घरांतली मुलं वर्गात येणार, आणि गणिताचे शिक्षक तिथे टिकत नाहीत. फिनिक्सला माझ्या जागी उद्या कुणीही मिळेल गं आई. तूरडाळ, गोडा मसाला भरून नेतेय. तिथे एका आजींनी निळ्या मक्याची कांजी दिली, ज्युनिपरच्या पाल्याची राख घालून शिजवलेली, अगदी तुझ्या आंबिलीसारखी. ओळख सांगताना तिथे आधी आईचं कूळ सांगतात, मग वडिलांचं. मीही आधी तुझं माहेर सांगितलं.

बाबा, युरेनियमचं तुम्ही शोधून काढालच. शेजारच्या कोव्ह गावाला त्याच्या खाणी होत्या. खाणकामगारांना धोका कुणी सांगितला नाही, कित्येक जण फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले, आणि भरपाईचा कायदा व्हायला १९९० साल उजाडलं. खाणी कधीच बंद झाल्यात. मी त्या बाजूला फिरकणार नाही, उघड्या विहिरीचं पाणी पिणार नाही. शपथ.

आणि शिपरॉक! ज्वालामुखीच्या नळीतच लाव्हा थिजला, भोवतीचा खडक झिजून गेला, आणि सपाट माळावर ४८० मीटरचा सुळका उरला. वय सुमारे पावणेतीन कोटी वर्षं, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या निम्म्याहून कमी. त्याच्या पायथ्यापासून काळ्या दगडाच्या भिंती मैलोन्मैल गेल्यात. रेड व्हॅलीचा रस्ता त्यातल्याच एका भिंतीच्या खिंडीतून जातो. तिथे उतरून जवळून पाहिलं, तर दगडात अभ्रकाचे बारीक कण चमकत होते. हरिश्चंद्रगडावर तुमचं बोट धरून "हा दगड कुठून आला?" विचारायचे ना, तसंच विचारावंसं वाटलं. तुम्ही हवे होतात. चढायचं मात्र मनात आणू नका. तो डोंगर नवाहोंना पवित्र आहे, १९७० पासून चढाईला बंदी आहे. खालूनच दाखवीन, तुमचा गुडघा ठीक झाला की.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. आई, माळ्यावरचे फराळाचे डबे काढायला स्टुलावर चढू नकोस, दादाला सांग. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका, पैसे पाठवलेत. माझी खोली वापरा, तशीच ठेवू नका.

गावात मोबाइलला रेंज कमी आहे, घरात वायफाय आहे. तुमचे सकाळचे सात म्हणजे माझे आदल्या संध्याकाळचे साडेसात, नोव्हेंबरपासून साडेसहा. त्या वेळेला फोन जवळ ठेवा, आणि आवाज मोठा करून ठेवा.

तुमची,
मनू