गोश गावाला एक ओळ पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आर्मेनियाच्या सहलीवरचा लेख आवडला. एक दुरुस्ती मात्र सुचवावीशी वाटते. दिलिजानजवळच्या डोंगरातल्या गोश गावाला लेखात जेमतेम एक ओळ मिळाली आहे, आणि मखितार गोश या आर्मेनियन धर्मगुरूने आपली न्यायसंहिता तिथल्या मठात बसून लिहायला घेतली, असे त्या ओळीत म्हटले आहे. संहितेचे काम त्याने ११८४ मध्ये सुरू केले, तेव्हा हा मठ उभाच नव्हता. जुना गेतिक मठ ११८८ च्या भूकंपात पडला. मग झकारियन घराण्यातल्या इवानेच्या आश्रयाने मखितारने नवा मठ बांधायला घेतला. त्यातले मुख्य चर्च ११९१ ते ११९६ या काळात झाले. मखितार १२१३ मध्ये वारला आणि मठ त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

तारखांचा घोळ किरकोळ आहे, वकिलाची खोड म्हणून सोडून द्या. पण संहिता मुळात का लिहावी लागली, हे लेखात यायला हवे होते. ते कळले नाही तर गोश म्हणजे सहलीतले आणखी एक जुने चर्च, एवढेच उरते. अनीचे आर्मेनियन राज्य अकराव्या शतकातच बुडाले होते आणि पुढे सेल्जुक तुर्कांचा अंमल आला. राजा नाही, तर राजाचा कायदा कुठून असणार? लोक तंटे घेऊन परक्यांच्या न्यायालयात जात, आणि आर्मेनियनांकडे लिखित कायदाच नाही असा टोमणा वर ऐकून घ्यावा लागे. ही कारणे मखितारने प्रस्तावनेत स्वतःच मांडली आहेत. बायबल, चर्चचे नियम आणि लोकांत चालत आलेल्या रूढी एकत्र करून त्याने संहिता रचली. माणूस मुळात स्वतंत्र आहे, जमीन आणि पाण्याच्या गरजेपोटी तो धन्याचा बांधील झाला, असा विचार तिच्यात आहे. बाराव्या शतकातला एक धर्मगुरू हे लिहितो! पाटाच्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे ज्यांनी कोर्टात पाहिले आहेत, त्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

राज्य नसलेल्यांचा हा कायदा पुढे दूरवर गेला. किलिकियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, आर्मेनियन राज्यात स्मबात या सेनापतीने १२६५ मध्ये त्याच्या आधारे नवी संहिता केली. ल्विव्हमध्ये (आज युक्रेनमध्ये, तेव्हा पोलंडच्या राज्यात) स्थायिक झालेल्या आर्मेनियनांसाठी याच संहितेवरून तयार झालेल्या कायद्याला पोलंडचा राजा पहिला सिगिस्मुंड याने १५१९ मध्ये मान्यता दिली.

खुद्द गोशमध्ये पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. मठाला तटबंदी नाही, गावातली घरे थेट त्याच्या अंगाशी येतात. पुस्तके ठेवण्यासाठी बांधलेल्या दगडी इमारतीवर पुढे घंटाघर चढवले, ते काम १२९१ मध्ये संपले. ग्रंथालयाच्या डोक्यावर घंटा टांगणारे लोक मला तरी आवडले. खाचकार, म्हणजे क्रूस कोरलेल्या उभ्या शिळा, आर्मेनियाभर दिसतात. युनेस्कोने २०१० मध्ये या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पण पोघोस नावाच्या कारागिराने १२९१ मध्ये घडवलेला इथला खाचकार क्रोशाच्या रुमालासारखा दिसतो, इतके बारीक जाळीकाम त्यात आहे.

आपल्याकडच्या सहल कंपन्या हागार्त्सिनचा मठ दाखवून बस सेवान सरोवराकडे वळवतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. गोश दिलिजानपासून साधारण वीस किलोमीटरवर आहे, तेवढा वेळ मागून घ्यावा. गावाच्या वरच्या जंगलात छोटे तळे आहे, तिथे पायी जाता येते. पोघोसच्या दोन खाचकारांपैकी दुसरा येरेवानच्या इतिहास संग्रहालयात आहे. जमल्यास तो आधी पाहावा आणि मग गोशला जावे.

— एक निवृत्त वकील, सातारा