मागच्या बाकावरचा आवाज

धरमपेठ, नागपूर
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वर्गात ऐंशी पोरं, त्यातली पुढची चार-पाच सोडली तर बाकी सगळी शून्यात बघत बसतात, हे वाचून जीव हळहळला. माझी पहिली सहा वर्षं अशीच गेली रे. फळाभर डेरिव्हेशन, म्हणजे सूत्र कसं निघतं ते, लिहायचं, "समजलं का?" विचारायचं, "हो सर" ऐकायचं आणि घंटा झाली की निघायचं. पेपर तपासायला बसलो की कळायचं, पाठ झालंय, समजलेलं काहीच नाही.

हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनाही हेच दिसलं होतं. त्यांची मुलं अवघड गणितं सोडवायची, पण बळाबद्दल साधा प्रश्न आला की अडखळायची. १९९१ पासून त्यांनी तासाची रीतच बदलली. आधी प्रश्न, मग प्रत्येकाचं स्वतःचं उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा उत्तर.

मागच्या मंगळवारचं सांगतो. दुपारचा तास, कूलरची घरघर. मी विचारलं, लिफ्ट एकसारख्या वेगाने वर चालली आहे. दोराचा ताण लिफ्टच्या वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढाच? एक, दोन, तीन अशी बोटं छातीपाशी धरून दाखवायची, म्हणजे कुणी शेजाऱ्याचं बघत नाही. बऱ्याच जणांचं एकच बोट, 'जास्त'. मी बरोबर-चूक काही सांगितलं नाही. "आता शेजाऱ्याला पटवा," एवढंच म्हणालो.

काटोलहून एसटीने येणारी एक मुलगी मागच्या बाकावर बसते. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिने मैत्रिणीच्या वहीत चौकोन काढला, वर एक बाण, खाली एक बाण, दोन्ही अगदी सारखे, आणि म्हणाली, "अवं, वेग बदलूनच नाही राहिला न, मग जास्तीचं बळ काऊन लागीन?" मैत्रीण त्या बाणांकडे बघतच राहिली. दुसऱ्यांदा बोटं दाखवली तेव्हा अर्ध्याहून जास्त वर्गाची तीन होती, 'तेवढाच', म्हणजे बरोबर उत्तर.

तिला ती गोष्ट नुकतीच उमगली होती, म्हणून अडतं कुठे ते तिला ठाऊक होतं. वीस वर्षं शिकवून मी ते विसरलोय. मात्र पहिल्या फेरीत जवळजवळ सगळेच चुकले, तर चर्चेला सोडू नकोस, पुन्हा समजाव. सगळेच बरोबर असले तर सरळ पुढे जा.

प्रश्न विचारलास की थांब. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गावर्गांत मोजलं, तर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. मी मनात पाचपर्यंत मोजतो. सुरुवातीला ती शांतता फार जड वाटते.

पोर्शन कसा पुरणार, हा तुझा प्रश्न रास्त आहे. मी लांबलचक डेरिव्हेशनच्या नोट्स आदल्या रात्री ग्रुपवर टाकतो, तासाला त्यातली अवघड पायरीच घेतो. शेवटची पाच मिनिटं वह्या बंद. आज काय शिकलो, ते न बघता कोऱ्या कागदावर लिहायचं. रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. ते कागद मी घरी आणून वाचतो आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन दिवस काढून ये. सकाळी तर्री पोहे खाऊ, मग माझ्या तासाला मागच्या बाकावर बस, त्या मुलीच्या शेजारी. वहिनींना नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुझाच,
हॉस्टेलचा रूममेट