गाविलगडावरच्या अनोळखी माणसांचे आभार

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जण चिखलदऱ्याला गेलो होतो. एका शेतकऱ्याला विचारून त्यांच्या शेतात तंबू ठोकला आणि सकाळी गाविलगडावर गेलो. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं हा गड घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडले. हे शाळेत ऐकल्यापासून लेकीला तिथं उभं राहायचं होतं. जुन्या तोफेवरून तिचा हात निघता निघेना.

उतरताना दवानं ओल्या दगडावरून सासूबाई घसरल्या. पाय टेकवेना, मोबाइलला रेंज नाही. तेवढ्यात वाटेनं येणारे दोन कोरकू आदिवासी तरुण थांबले. त्यांनी बांबू आणला, अंगावरची चादर बांधून झोळी केली आणि सासूबाईंना खाली उतरवलं. दर थोड्या वेळानं थांबून "आजी, दुखते का?" विचारायचे. इतकी माया मी सख्ख्यांतही क्वचितच पाहिली आहे.

खाली गवळ्याच्या घरातल्या आजींनी गरम दूध दिलं, हळद लावून पाय बांधला. जीपवाले दादा परतवाड्यापर्यंत घाट उतरून दवाखान्यात घेऊन गेले आणि पैसे घेतले नाहीत. रात्री परतलो तर तंबू वाऱ्यानं पडलेला, पण आमचं सगळं सामान शेजारच्या वहिनींनी गोठ्यात नीट ठेवलेलं.

घाईत कोणाचंच नाव विचारलं नाही, याची रुखरुख आहे. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. सासूबाई आता चालतात. दादांनो, तुमची चादर धुऊन ठेवली आहे. संक्रांतीला तिळगूळ आणि चादर घेऊन आम्ही येतोय.