दत्तक मुलांची वाट अडते ती कागदांपाशी

महोदय,

दक्षिण कोरियातून परदेशी दत्तक गेलेल्यांवरचा लेख वाचला. किमची हे लोणचे, हानबोक हा पारंपरिक पोशाख, कोरियन भाषेची शिबिरे असे सगळे त्यात आले. पण 'मी कुणाचा, कुणाची' हा प्रश्न ज्या दप्तरापाशी अडतो, ते राहून गेले.

दीड-दोन लाख मुले गेली. एकट्या १९८५ मध्ये आठ हजारांहून जास्त. आईवडील हयात असतानाही अनेकांची 'अनाथ' अशी वेगळी कुटुंबनोंद उघडली गेली. तीत मूल एकटेच कुटुंबप्रमुख, आईवडिलांचा रकाना कोरा. अनाथ ठरले की अमेरिकेचा व्हिसा सोपा होई आणि पालकांच्या संमतीची कटकटही टळे. ठरलेले मूल दगावले किंवा घरच्यांनी परत नेले, तर त्याच्याच कागदांवर दुसरे पाठवल्याचीही प्रकरणे आहेत. अशा माणसाने पन्नाशीत फाइल मागवली, तर हाती येते ती भलत्याचीच.

जुलै २०२५ पासून दत्तकाचे दप्तर खासगी संस्थांकडून सरकारी बालहक्क केंद्राकडे गेले. तिथे अर्ज केला की केंद्र जन्मदात्यांचा पत्ता काढून पत्र धाडते. होकार आला तर नाव कळते. एरवी ओळख न उघडणारी माहिती तेवढी मिळते. पुढे लग्न झालेली बाई सासरच्यांसमोर ते पाकीट कशी फोडणार? फाइलीत धागाच नसेल, तर २०२० पासून कोरियन वकिलातीत डीएनए नमुना देता येतो. पण तो जुळायला हरवलेले मूल शोधणाऱ्या नातलगानेही नमुना दिलेला हवा. स्वतः मूल सोपवलेली आई तो कशाला देईल?

कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये परदेशी दत्तक गेलेल्या ५६ जणांच्या हक्कांचा भंग मान्य केला. कागद अपुरे म्हणून ४२ प्रकरणे मात्र लटकली. कागद खोटे होते हे सिद्ध करायलाही कागदच हवेत, असा हा कारभार!

अमेरिकेत आणखी एक गोम आहे. तिथल्या कायद्याने दत्तकांना आपोआप नागरिकत्व दिले, पण २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांना अठरा पूर्ण झाली होती ते वगळले गेले. पालकांनी वेगळा अर्ज केला नसेल, तर अशी माणसे आजही नागरिक नाहीत. काहींना तर भाषाही न येणाऱ्या कोरियात परत धाडले गेले.

महाराष्ट्रातूनही मुले युरोपात दत्तक गेली आहेत. मूळ शोधण्याची तरतूद आपल्या दत्तक नियमावलीत आहे. बंद पडलेल्या संस्थांची दत्तक रजिस्टरे आज कुणाच्या ताब्यात आहेत, हे आपल्या वार्ताहरांनी जिल्हावार विचारून छापावे.

– एक वाचक, पुणे